झूल पांघरलेली सायकल

पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली, बैलांच्या रांगेत उभी राहिलेली मी अकोल्यातली बहुधा एकमेव शिक्षिका आहे. यातला 'बहुधा' मी नम्रपणे घातलाय. आमचे हे म्हणतात, "बहुधा कायचं? ग्यारंटीनं!"

सुरुवात पूनमच्या सायकलपासून झाली. पूनम आमची एकुलती एक मुलगी. दहावीत चांगले मार्क पडले म्हणून अमरावतीच्या मामाने, म्हणजे माझ्या भावाने, तिला लाल सायकल घेऊन दिली. अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला, पण कॉलेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला! आम्ही जठारपेठेत, कॉलेज मोर्णा नदीच्या पुलापलीकडे आणि मध्ये अख्खं अकोला. आधी ती ऑटोने जायची. एकदा मी तो ऑटो भर रस्त्यात पाहिला. आत मुली इतक्या कोंबलेल्या की ड्रायव्हर अर्धा आत आणि अर्धा अकोल्यात, अशा अवस्थेत ऑटो चालवत होता! त्याच दिवशी मी ऑटो बंद केला आणि हे तिला स्कूटरवर सोडू लागले.

पण यांची अमरावतीला बदली झाली होती. पोळ्यानंतर हजर व्हायचं होतं, आणि पहाटेची गाडी पकडणारा माणूस पोरीला कॉलेजात सोडणार कसा? म्हणजे पोळ्यानंतर दोनच रस्ते उरत होते. एक तर पूनमने सायकलने जायचं, नाहीतर त्या कॉलेजातून नाव काढून घराजवळच्या कॉलेजात टाकायचं. जवळच्या कॉलेजात बाकी सगळं होतं, फक्त सायन्स नव्हतं.

"सायकल नाही म्हणजे नाही," मी म्हटलं. "रस्त्यावर गाड्या कशा चालवतात लोक, पाहिलंस?"

"आई, तुले काय माईत रस्त्याचं? तू तं बाबाच्या मागं डोळे मिटून बसतेस!"

(हे खरं होतं. हे स्कूटर चालवताना शेजाऱ्याच्या घराचं बांधकाम, ओळखीचा माणूस, आभाळातले ढग, सगळं पाहतात. रस्ता सोडून. डोळे उघडे ठेवून बसणं मला जमत नसे.)

"मी लहानपणी अमरावतीत सायकल चालवली आहे," मी ठसक्यात म्हणाले. "मला शिकवू नकोस."

"मग चालव ना! तुही शाळा त्याच रस्त्यावर हाये. पोळ्यापर्यंत चालव. तुले काई झालं, तं मी सायकलचं नाव काढणार नाई. काई नाई झालं, तं मी सायकलनं जाईन."

"कबूल!" मी म्हणाले.

पेपरमागून यांनी एकदा डोकं बाहेर काढलं, परिस्थिती पाहिली आणि परत आत घेतलं. हे पाटबंधारे खात्यात आहेत. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या धरणांत पाणी दिसत नव्हतं, त्यामुळे कशाचा निचरा कुठे होईल याची काळजी करायची यांची सवयच मोडली होती. घरातल्या चौथ्या माणसाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तर मान वळवूनही पाहिलं नाही. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. ओळीने दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा आबांनी शेत चुलतभावाला बटईने दिलं, चांद्या आणि पाखऱ्या ही बैलजोडी विकली आणि ते आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक आणि एक पोतं आणलं. पोत्यात बैलांचा साज होता. पोतं खाटेखाली गेलं आणि आबा खाटेवर. त्या दिवसापासून दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं.

सायकल मी चौकातल्या सत्तारभाईंकडे नेली. त्यांनी तेल टाकलं, हवा भरली, ब्रेक आवळले आणि मला आपादमस्तक पाहिलं.

"भाभी, सायकल एकदम फस्ट क्लास. ब्रेक भी फस्ट क्लास. बस, एक बात का टेन्शन है."

"कशाचं?"

"बाकी पब्लिक का!"

पब्लिकचा अनुभव पहिल्याच वळणावर आला. आमच्याकडे सायकलवाल्याला किती रस्ता मिळतो? डांबर संपतं आणि नाली सुरू होते, त्यांच्या मधला! तेवढ्यात मी कशीबशी चालले होते, तर समोरून उलट्या बाजूने एक मोटरसायकलवाला आला. मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये चेपलेला, त्यामुळे मान कलती. त्याला सगळं जगच तिरपं दिसत असणार, मी त्यात कुठे दिसणार! मी नालीच्या काठावर उतरले. पुढे एक स्कूटीवाली उजवा दिवा लावून डावीकडे वळली. त्यानंतर एका उभ्या जीपचं दार माझ्या नाकासमोर उघडलं, त्यातून एक तोंड बाहेर आलं आणि त्या तोंडातून खर्ऱ्याची पिचकारी! (सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा हा आमच्याकडे खाण्यापेक्षा टाकण्याचा पदार्थ आहे.) शाळेत पोचले तेव्हा माझी आकाशी ओढणी छापील झाली होती.

आणि त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की पैज लावताना माझी अक्कल गहाण पडली होती. मी पडले तर मी जिंकणार होते. सुखरूप घरी आले तर हरणार होते! म्हणजे जीव वाचवायची धडपड करायची आणि घरी येऊन वाईट वाटून घ्यायचं. संध्याकाळी पूनम दारातच माझी तपासणी करी. "कोपर दाखव. गुडघे ठीक हायेत ना? म्हणजे आजचा दिवस माझा!" एकदा मी जिन्यात जरा लंगडून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "काल डावा पाय लंगडत होता."

शेवटी पडायचा योग आला. मागच्या काचेवर 'घाई कशाची?' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक ऑटो होता, आणि त्याच्याइतका घाईतला ऑटो मी जन्मात पाहिला नाही. मला घासून तो पुढे गेला आणि माझ्यासमोरच गचकन थांबला. मी दोन्ही ब्रेक दाबले, हँडल वळवलं आणि सायकलसकट रस्त्याकडेच्या भाजीच्या दुकानात शिरले. दुकान म्हणजे जमिनीवर पसरलेलं पोतं. मी मेथीच्या जुड्यांवर, सायकल वांग्यांवर आणि भाजीवाली बाई ऑटोवाल्यावर! म्हणजे शब्दांनी.

"काहून रे भैताडा! डोळे घरी ठेवून आला काय?"

"बाई, मी काय केलं? तुमच्या मॅडमनं पायून चालवाव ना!"

"मी पाहतच होते!" मेथीतून उठत मी ओरडले. "मध्येच थांबलात तुम्ही! थांबताना हात नको का दाखवायला?"

"हात देला की!"

"कुठे दिला?"

"प्याशिंजरनं देला ना! म्हणून तं थांबलो!"

कोपर खरचटलं होतं, पण भाजीवालीने डोक्यावरून हात फिरवला, वर पैसे नको म्हणाली. मी बळेच चेपलेली वांगी विकत घेतली. घरी येऊन विजयी मुद्रेने कोपर पुढे केलं. "बघ! हे रस्ते! आता सायकलचं नाव काढायचं नाही!"

पूनम भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. उठून डेटॉल आणलं, कापसाने माझं कोपर पुसलं आणि आत गेली. मी डोकावून पाहिलं, तर प्रॅक्टिकलचा नवा पांढरा कोट घडी करून ती कपाटात खाली, जुन्या स्वेटरांजवळ ठेवत होती. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. काही केल्या तो होईना. उलट त्या रात्रीचं वांग्याचं भरीत मी ताटात तसंच ठेवलं. आई असणं ही मोठी फसवी गोष्ट आहे. पोरीचं भलं करायला जावं आणि आपल्यालाच रडू यावं!

तेव्हा खाटेवरून आवाज आला. कित्येक महिन्यांनी आबा आपणहून बोलले.

"सूनबाई, फैसला कोण्या दिवशीपर्यंत ठरला होता?"

"पोळ्यापर्यंत, आबा."

"मंग पोळा कुठी झाला अजून? आन थो ऑटोवाला तुले काहून धडकला, मालूम हाये? त्यानं तुले पायलंच नाई! तुह्या जागी बैल असता तं धडकला असता काय? बिशाद हाये काय त्याची! माणसाले धक्का लागला तं माणूस कपडे झटकून घरी जाते. बैलाले धक्का लागला तं सारं गाव रस्त्यावर येते. गाडीवाला माणसाले पायत नाई, पण बैलाले बराबर पायते!"

एवढं बोलून आबा खाली वाकले आणि त्यांनी खाटेखालचं पोतं ओढलं.

सकाळी मी सायकल काढायला गेले आणि जिन्यातच खिळून राहिले. कॅरिअरवरून दोन्ही बाजूंना लाल मखमली झूल सोडली होती, तिच्यावर बारीक आरसे. हँडलच्या गळ्यात घुंगरमाळ. दोन्ही मुठींच्या टोकांना बैलांच्या शिंगांवर बसवतात त्या पितळी शेंब्या, चिंचेने घासून लखलखीत केलेल्या. ब्रेकला हिरवे-पिवळे गोंडे, घंटीला कवड्यांची माळ. आबा मागे सरकून, डोळे बारीक करून पाहत होते, आणि चक्क हसत होते.

"आबा, मी शिक्षिका आहे हो!" मी काकुळतीला आले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे ना. म्हणायसाठी पायतीन तं खरं!"

नाही म्हणणार होते. पण आबांच्या हातांना अजून पितळ घासल्याचा वास येत होता, आणि पूनम दारामागून आशेने पाहत होती. मी मुकाट्याने पॅडलवर पाय ठेवला.

आणि काय सांगू! छनछन, छनछन करत मी मुख्य रस्त्याला लागले आणि अकोला शहर बाजूला झालं! घुंगरांचा आवाज ऐकून माणसं न पाहताच डावीकडे सरकायची, ही त्यांच्या बापजाद्यांपासूनची सवय. मोटरसायकलवाला मान सरळ करून पाहायचा. उन्हात झुलीचे आरसे असे चमकत की मागचे ट्रकवाले आपोआप वेग कमी करत. (माझा वेगही बैलाचाच होता, त्यामुळे कोणाला शंका येत नसे.) एका म्हाताऱ्या बाईने तर रस्ता ओलांडताना झुलीला हात लावून तो कपाळाला लावला. 'घाई कशाची?'वाला ऑटो मागून आला, हॉर्नवर हात ठेवला, घुंगरं ऐकून काढून घेतला आणि बराच वेळ शहाण्यासारखा माझ्या मागे चालला. शाळेत मात्र मुलांनी मला पाहून "हाट! हाट!" केलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "छान आहे. पण गोठ्याची सोय शाळेत नाही बरं का!"

दिवसामागून दिवस माझ्या अंगाला ओरखडासुद्धा येईना. पूनमने पांढरा कोट कपाटातून काढून दाराच्या खिळ्याला लटकवला. मी हरत चालले होते. आणि खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटत होतं, फक्त ते कबूल करण्याची सोय नव्हती.

मग पोळा आला. पैजेचा शेवटचा दिवस. घरात पुरण शिजत होतं, पण आबांनी सकाळपासून भिंतीकडे तोंड केलेलं. "आबा, पोळा पाहायला चला," हे म्हणाले. "बैल नाई तं पोळा कायचा?" आबा भिंतीला म्हणाले. निदान घरी पूजेसाठी मातीचे बैल तरी असावेत, तर नेमके तेच मी आणायला विसरले होते! हे स्कूटर घेऊन नारळ-दूध आणायला गेलेले. म्हटलं, जुन्या शहरात कुंभाराकडे जाऊन येते, एवढीच शेवटची फेरी. आबांचे शब्द कानात होतेच, म्हणून झूल, घुंगरं, सगळं तसंच ठेवून निघाले.

पोळ्याच्या दिवशी बैलाचा साज घालून जुन्या शहरात जाऊ नये, एवढी अक्कल कोणालाही असते. माझी तेव्हा कुठे होती देव जाणे!

जाताना काही झालं नाही. मातीची जोडी घेतली, हँडलच्या टोपलीत ठेवली आणि परत वळले, तर रस्ता माणसांनी फुललेला. पुढे आंब्याच्या पानांचं मोठं तोरण बांधलेलं. माझी घुंगरं वाजली मात्र, गर्दीतून आवाज उठला, "बाजू व्हा! बैल येऊन राहिले! बाजू व्हा!" माणसांनी मला वाट करून दिली. मी आपली खूश! 'किती सुधारलं अकोला' असं मनाशी म्हणत त्या वाटेने पुढे गेले, आणि वाट जिथे संपली तिथे माझ्या पुढे एक बैलजोडी होती. मागे वळून पाहिलं, तर तिथेही एक बैलजोडी येऊन उभी राहिली होती. दोन्ही बाजूंना दोर. मी रांगेत होते!

मागच्या बैलाने मान पुढे करून माझा ब्रेकचा गोंडा तोंडात घेतला आणि शांतपणे चघळू लागला.

"अहो दादा, बैल आवरा तुमचा!" मी त्याच्या मालकाला म्हटलं.

"थो काई करत नाई, ताई. तुमी हलू नका फक्त."

हलणार कशी! एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पर्समधला मोबाईल काढला आणि घरी फोन लावला. पूनमने उचलला. "अगं, मी जुन्या शहरात बैलांमध्ये अडकलेय, मोठ्या तोरणापाशी..." एवढ्यात मागच्या बैलाने जोरात हंबरून माझं वाक्य पुरं केलं, मी दचकून किंचाळले आणि फोन खाली पडून बंद पडला. घरी काय ऐकू गेलं असेल याचा विचार करायला मला फुरसतच मिळाली नाही, कारण माईक घेतलेला एक माणूस आमच्याकडे येत होता. सगळे त्याला भाऊ म्हणत होते. पोळ्याचं आयोजन त्याचं होतं.

भाऊच्या चेहऱ्यावर उत्सव नव्हता. मंडपात तीन बक्षिसं मांडली होती, फोटोवाला उभा होता आणि रांगेत बैलजोड्या होत्या दोन! "एक काळ असा होता," तो हळू आवाजात पुढच्या जोडीच्या मालकाला म्हणाला, "का पुलापर्यंत रांग लागे. अवंदा साऱ्यायनं बैल इकून टाकले हो." तो मालक बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग भाऊची नजर माझ्याकडे वळली, झुलीवर गेली आणि तिथेच ठरली.

"ताई, झूल अस्सल हाये! साजही पुरा हाये!"

"मी शिक्षिका आहे," मी घाईने सांगितलं. "चुकून आले."

"चुकून का होईना, आल्या ना! तिसरी जोडी पायजेच होती. पण..." त्याने सायकलकडे नीट पाहिलं. "हा एकच नग हाये. जोडी कुठाय?"

"जोडी नाही! मला जाऊ द्या!"

तेवढ्यात गर्दीच्या मागच्या टोकाला मोठा गलका उठला. "हाट! हाट! सरका! माही सून हाये तथी!" गर्दी फाटली आणि तिच्यातून शेजाऱ्यांची हिरवी सायकल घेऊन पूनम आली. कॅरिअरवर आबा! डोक्याला पटका, हातात काठी, आणि काठी अशी उगारलेली की रस्त्यातल्या ट्रकवाल्यानेही ब्रेक मारावा. घरी त्यांना वाटलं होतं बैलाने मला शिंगावर घेतलं!

"आई! लागलं काय तुले?" पूनम धापा टाकत माझे कोपर, गुडघे तपासू लागली. सवयीने!

"तू सायकलवर आलीस?" मला दुसरं काही सुचेना. "आबांना मागे बसवून? जठारपेठेतून? पुलावरून?"

"मग काय करू? स्कूटर नाई, ऑटो एक भेटत नाई. तू इकडं पडली असशीन, अन् मी बाबाची वाट पायत बसू?"

रस्त्यात, दोन बैलजोड्यांच्या मध्ये, आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो, आणि मागच्या बैलाने तेवढ्यात दुसराही गोंडा संपवला.

भाऊने मात्र संधी सोडली नाही. "जमली जोडी!" तो माईकवर ओरडला. "मालक कोण हाये?"

मी आबांकडे पाहिलं. ते पुढच्या बैलांकडे पाहत होते, तोरणाकडे पाहत होते. मग ते सावकाश माझ्या सायकलजवळ आले. त्यांनी झुलीची एक बाजू काढून पूनमच्या हिरव्या सायकलीवर अंथरली, म्हणजे दोन्ही सायकलींवर मिळून एक झूल झाली. एक शेंबी काढून तिच्या मुठीला बसवली. धोतर झटकलं, पटका सारखा केला, काठी खांद्याला टेकवली आणि दर पोळ्याला जसे उभे राहत असत तसे ते जोडीच्या पुढे उभे राहिले.

"मी हावो मालक," आबा म्हणाले.

पोळ्यात मालकाने बैलांसमोर खड्या आवाजात दोन-चार ओळी म्हणायच्या असतात, त्यांना झडती म्हणतात. आबांनी तिथल्या तिथे जुळवली:

"बैल गेले बाजारी, दावण राहिली रिती,
सून-नात जुंपून आणली, आता कोणाची भीती!"

"हर हर महादेव!" सगळी गर्दी गरजली. आबांचे डोळे ओले होते, पण आवाज मुळीच कापला नाही.

निकाल सांगण्याची गरज नाही. तीन जोड्यांत आमचा तिसरा नंबर आला. आम्हाला मिळाली एक सरकीच्या ढेपेची गोणी, म्हणजे गुरांची पेंड, आणि एक छापील प्रमाणपत्र. गळ्यात हार घालून फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा खाली वाका." का, ते मी विचारलं नाही.

परत निघताना गोणी न्यायची कशी हा प्रश्न आला. भाऊने एक ऑटो थांबवला. मागची काच पाहिली, तर 'घाई कशाची?'! आबा गोणीसकट आत बसले आणि त्यांनी ड्रायव्हरला काठीने खांद्यावर टोचलं. "माह्या जोडीच्या मागं मागं चाल. हॉर्न वाजवशीन तं पाय!"

"आबा, इतक्या धीरं चालवतो काय ऑटो कोणी?" ड्रायव्हर कुरकुरला.

"लिवलं काय हाये मागं? वाच!"

त्या रस्त्याने मी पूनमच्या मागे होते, आणि पहिल्यांदाच माझी पोर सायकल चालवताना पाहिली. मी नालीला चिकटून चालवत असे, ती हातभर जागा सोडून चालली होती. उभ्या गाड्यांच्या दारांपासून लांब राहत होती. वळायच्या आधी मागे पाही, मग हात बाहेर काढी, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा भिडवी आणि मगच वळे. मान कलती करून एक मोटरसायकलवाला अंगावर आला, तर ही थांबून म्हणाली, "काका, फोन ठेवा अन् मग चालवा, आमी थांबतो!" आणि तो खरंच थांबला! मी? मी तिच्या मागे राहायच्या नादात एका स्पीडब्रेकरवरून उडाले, आणि टोपलीतल्या मातीच्या बैलाचं एक शिंग तुटलं.

घरी हे दारातच हातात नारळ घेऊन उभे होते, चेहरा पांढरा. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंग पैज कोण जिंकलं?"

"पूनम जाईल सायकलने," मी म्हणाले. "कोट इस्त्री करून ठेव गं."

तिने मला अशी मिठी मारली की खरचटलेलं कोपर पुन्हा दुखलं. पण मीही आई आहे, एक अट घातलीच. माझ्या शाळेपर्यंत दोघींनी बरोबर जायचं, म्हणजे तिला अनुभवी माणसाची सोबत राहील. झूल घालून कॉलेजात जायला पूनमने हात जोडून नकार दिला, तेव्हा घुंगरमाळेतली दोन घुंगरं तिच्या हँडलला आणि दोन माझ्या, यावर तडजोड झाली. माझ्यासाठी सत्तारभाईंनी एक जुनी सायकल रंगवून दिली.

ढेपेची गोणी आबांनी दुसऱ्या दिवशी एसटीत घातली आणि चांद्या-पाखऱ्याला विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या गावी नेऊन त्यांना आपल्या हाताने चारून आले. आल्यापासून ते रोज सकाळी खाली उतरतात, आमच्या सायकलींची हवा अंगठ्याने दाबून पाहतात आणि आम्ही निघालो की पाठीमागून आवाज देतात. संध्याकाळी घुंगरं ऐकू आली की खाटेवरून उठून गॅलरीत येतात.

अनुभवी माणसाच्या सोबतीचं मात्र आबांना पटलं नव्हतं. पहिल्या सकाळी मी सायकल पुढे काढली, तसे ते मागून ओरडले, "सूनबाई, मागं हो! नवा बैल मागं राहते, पोट्टीले पुढं जाऊ दे! तिच्या संगं फिरशीन तं शिकशीन हळूहळू!"

यांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावलंय. 'उत्कृष्ट बैलजोडी, तृतीय क्रमांक', खाली माझं आणि पूनमचं नाव. पाहुणे वाचतात, हसतात, सगळी गोष्ट विचारतात आणि मी रंगवून सांगतेही. फक्त त्या जोडीतला शिकाऊ बैल कोणता, एवढं विचारलं की मी चहा ठेवायला आत जाते.